साती भवानीचं पाणी

शाळेत कोणी साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा झाडूची शोधाशोध होते. मग ते साहेब पोरांना वाचता येतं का हे बघायला येवोत, नाहीतर पोरं पितात त्या पाण्यात विष आहे का हे बघायला. ढाणकीच्या पुढे जो तांडा आहे, तिथल्या शाळेतही तेच झालं. सोमवारी पाण्याचे नमुने न्यायला गाडी येणार असा निरोप शनिवारी आला आणि उत्तमसिंग गुरुजींनी लगेच हंसाबाईला हाक मारली.

"हंसाबाई, टाकी घासूनपुसून ठेवजा. लोकं यवतमाळहून येऊन राह्यले. आपली इज्जत गेली नाई पायजे."

हंसाबाई शाळेत खिचडी शिजवायची. साठीला टेकलेली बाई, हातांवर कोपरापर्यंत गोंदण, जीभ तिखट, पण पातेलं असं घासायची की त्यात तोंड पाहून घ्यावं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. बारा वर्षं शाळेची चूल तिच्या हातात होती आणि या बारा वर्षांत एकाही पोराला खिचडीत खडा लागला नव्हता. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंही होतं.

गाडी येणार होती ती तिच्याच नातीमुळे. वर्षा नऊ वर्षांची, चौथीत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही पोरगी म्हणजे तांड्याचं कौतुक. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, टीव्हीवरची हिंदी, तिन्हींमध्ये तिचं तोंड सारखंच चालायचं. पंधरा ऑगस्टला हातात कागद न घेता भाषण ठोकायची. मग हळूहळू तिचं पोट दुखायला लागलं. जेवण तुटलं, चेहरा पिवळा पडला, आणि काल पाठ केलेली कविता आज आठवेना. गुरुजींनी फळ्यापाशी बोलावलं की खडू हातात धरून नुसती उभी राहायची. पोरं हसायची तर तीही त्यांच्याबरोबर हसायची, काय चाललंय हे न कळल्यासारखी.

जंताचं औषध झालं, मिरच्या ओवाळून झाल्या. शेवटी तिची आई, हंसाबाईची सून शीला, तिला घेऊन यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेली. बाप सुनील ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे एसटीचे सगळे धक्के शीलाच्याच वाट्याला. तिथल्या एका तरुण डॉक्टरला वर्षाच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसली आणि त्याने रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. रक्तात शिसं निघालं.

शिसं पोटात कसं जातं हे शीलाला कुठून ठाऊक असणार? डॉक्टरने समजावून सांगितलं. जुन्या रंगात असतं, भांड्यांच्या कल्हईत असतं, कधी काजळात असतं, कधी पाण्यातून येतं. पोरांच्या मेंदूवर जातं. लवकर थांबवलं तर पोरगी सावरेल, जितका उशीर तितकं नुकसान. कुठून येतंय ते शोधा, म्हणाला, आणि शाळेचं पाणी तपासा म्हणून त्यानेच वर पत्र लिहिलं.

आता त्या टाकीचं सांगायला हवं. शाळेच्या मागे पूर्वी विहीर होती. तिच्या आतल्या कपारीत शेंदूर फासलेले सात दगड होते. गावातले लोक त्यांना आसरा म्हणत, तांड्यातले साती भवानी. पाण्यातल्या देवी, पाणी राखतात आणि लेकरं राखतात. तीन वर्षांपूर्वी विहीर बुजवून तिथे जमिनीलगत सिमेंटची मोठी टाकी बांधली, तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी ते सातही दगड उचलून कुंपणाच्या कडेला फेकले. हंसाबाईला ते बघवलं नाही. पाण्यातल्या देवी उन्हात तापत पडल्यात म्हटल्यावर तिच्या घशाखाली घास उतरेना. तिने दगड धुतले आणि टाकीत उतरायला आतून जी पायरी होती तिच्यावर ओळीने बसवले.

टाकी भरली की देवी गळ्यापर्यंत पाण्यात. दर अमावास्येला ती बाजारातून आणलेला शेंदूर तेलात कालवायची आणि सातहीजणींना लेप द्यायची. जुना लेप पाण्याने सुटून तळाशी जायचा, त्याच्या जागी नवा चढायचा. टाकीची किल्ली तिच्याच कमरेला असायची. गुरुजींना हे माहीत होतं, सगळ्या तांड्याला माहीत होतं, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. कशाला वाटेल? पाणी म्हटलं की देवी आली, आणि देवी म्हटली की शेंदूर आला.

बाकीची पोरं नळाला तोंड लावून पीत. वर्षासाठी मात्र आजी रोज सकाळी झाकण उघडायची, देवींच्या अंगावरून पाणी ओतायची आणि ते गडूत धरून तिला द्यायची. गडूच्या तळाशी कधीकधी केशरी गाळ बसलेला असायचा. "तेबी पी, परसाद हाय," असं म्हणून ती गडू पालथा करून दाखवायला लावायची. एवढ्या नातवंडांत हीच एक तिच्या जिवाचा तुकडा होती ना! आणि पोरगी आजारी पडल्यावर हंसाबाईने एका गडूचे दोन केले.

तर त्या शनिवारी ती टाकीत उतरली. परके लोक येणार, बूट घालून टाकीवर चढणार, देवींच्या डोक्यावर उभे राहून बाटल्या बुडवणार, हे तिला सहन होणारं नव्हतं. शिवाय 'हे दगडधोंडे काय भरलेत' म्हणून गुरुजींना चार शब्द ऐकावे लागले असते, तेही नको. तिने सातहीजणींना बाहेर काढलं, लाल फडक्यात गुंडाळलं आणि स्वयंपाकखोलीत तांदळाच्या पोत्यांच्या वर, फळीवर ठेवलं. "दोन दिवस अडचण सोसा, याडी," असं आईला विनवावं तसं म्हणून हात जोडले. मग कुंच्याने टाकीचा तळ खरवडून काढला, तीनदा धुतली आणि मोटार लावून ताजं पाणी भरलं. एवढी नितळ टाकी सबंध तालुक्यात नसेल.

सोमवारी गाडीतून नयन मॅडम उतरल्या. पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या, तिशीच्या आतबाहेरच्या, साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला बाटल्यांची पेटी. त्यांनी नळाखाली बाटली धरली, टाकीतून दुसरी भरली, चिठ्ठ्या चिकटवल्या. मग ओल्या फरशीकडे पाहून विचारलं, "टाकी धुतली का?"

"चकाचक धुतली," हंसाबाई फुशारकीने म्हणाली. "तीन डाव."

"धुवायची नव्हती, मावशी. पोरं रोज पितात तसंच पाणी पाहिजे होतं आम्हाला. निरोपात सांगितलं नाही का कोणी?"

निरोपात कोणी सांगितलं नव्हतं. गुरुजी आकाशाकडे बघू लागले. नयन मॅडमनी वहीत काहीतरी खरडलं, पण इतक्या लांब आलोच आहोत म्हणून नमुने नेले. आता ह्या बाईला स्वच्छतेचाही राग, असं मनाशी म्हणत हंसाबाईने दुसऱ्या दिवशी देवींना परत पायरीवर बसवलं आणि दोन दिवस बाहेर राहिल्या म्हणून लेप जरा जाडच दिला.

पंधरा दिवसांनी कागद आला. पाणी पिण्यास योग्य.

मग राहिलं घर. घर म्हणजे शीला. तिच्या माहेराहून, फुलसावंगीहून, आलेली एक कल्हईची पितळी घागर होती, आणि वर्षाच्या डोळ्यांत ती लहानपणापासून काजळ घालायची. हंसाबाईला तेवढं पुरलं.

"तुह्या माहेरच्या घागरीनं माह्या नातीले खाल्लं," ती भर अंगणात म्हणाली. "शाळंचं पानी तं सरकारनं चांगलं सांगतलं. मंग विष आलं कुठून? तूच घातलं ना काजय तिच्या डोयात?"

शीला उलट बोलणारी नव्हती. तिने घागर मोडीत दिली. काजळाची डबी उकिरड्यावर फेकली. भिंतीचा जुना हिरवा रंग विळ्याने खरवडून काढला, बोटं सोलून निघाली तरी थांबली नाही. यवतमाळला वर्षाला दहा दिवस ठेवून औषध दिलं, तेव्हा रक्तातलं शिसं खाली आलं, पोरगी दोन घास जेवायला लागली. घरी आली, शाळेत जायला लागली, आणि महिन्याभरात शिसं पुन्हा होतं तिथे. डॉक्टर यावेळी शीलावर चिडला. घरात काहीतरी आहे आणि तुम्ही सांगत नाही, म्हणाला. शीला बसस्टँडवर पोरीला मांडीवर घेऊन रडली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. हंसाबाई मात्र जिथे चार बायका भेटतील तिथे सुनेचं काजळ आणि सुनेची घागर सांगत फिरली. असे पाच महिने गेले.

पाच महिन्यांनी तालुक्याच्या शिबिरात त्याच शाळेतली आणखी तीन पोरं सापडली. रामधनचा बंटी, आणि दुसरीतल्या दोन बहिणी. त्यांच्या घरात ना ती घागर, ना ते काजळ. यावेळी नयन मॅडमनी निरोप पाठवला नाही. शाळा भरायच्या आधीच त्या येऊन ठेपल्या.

हंसाबाईने नुकतंच टाकीचं झाकण उघडलं होतं. शेजारी वर्षा उभी, हातात भरलेला गडू.

"चप्पल, बाई! चप्पल काढा!" हंसाबाई ओरडली.

नयन मॅडमनी चप्पल काढून बाजूला ठेवली. अनवाणी पुढे येऊन त्या टाकीवर वाकल्या. पाण्यात सात केशरी मुंडकी ओळीने बसली होती.

"मागच्या वेळी हे नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तवा भाईर काढून ठेवलं होतं. तुमी येनार म्हून."

मॅडमनी वर्षाच्या हातातून गडू हळूच काढून घेतला. "थांब बेटा, हे नको पिऊ." त्यांनी पाणी हलकेच ओतून दिलं आणि तळाशी राहिलेला गाळ बोटावर घेऊन उजेडात धरला.

"परसाद हाय तो!" हंसाबाईला राग आला. "काहून सांडलं? लेकराच्या तोंडचं पानी सांडत असते का कोणी?"

"मावशी, हा शेंदूर कुठला? पुडी आहे का?"

पुडी होती. हंसाबाईने ती कनवटीची काढून दिली. मॅडमनी ती तळहातावर घेऊन वजन बघितल्यासारखं केलं आणि टाकीच्या कडेला बसल्या. मॅडमच्या मनात असतं तर साहेबी भाषेत दोन वाक्यं बोलून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पण त्यांनी हंसाबाईला हाताला धरून शेजारी बसवलं.

"मावशी, जुना शेंदूर म्हणजे शिसंच असतं. भाजलेलं शिसं. आजकाल बाजारात नुसता रंगही मिळतो, पण हा जड आहे. मी तपासून पक्कं सांगेन. पण मला वाटतं, आपण शोधतोय ते हेच."

हंसाबाईला आधी काहीच कळलं नाही. देवी लेकरं राखतात, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मग तिने वर्षाकडे पाहिलं. पोरगी रिकामा हात तसाच पुढे धरून उभी होती.

"हे पाणी हिला कधीकधी देता?" मॅडमनी विचारलं.

"रोज."

"रोज एक गडू?"

"पयले एक. बिमार पडली तवापासून दोन." हंसाबाईने पाण्यातल्या देवींकडे पाहिलं. "बाई, मांगच्या डाव तुमी आलत्या, तवा ह्या पान्यातच असत्या तं?"

नयन मॅडम खोटं बोलू शकल्या असत्या. क्षणभर त्यांच्या मनातही आलं असेल.

"तर तेव्हाच कळलं असतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गुरुजी मोटारसायकल लावून धावत आले. काय झालं ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मॅडमना बाजूला घेऊन ते म्हणाले, "मॅडम, देवीचं नका लिहू. तांडा पेटंल. टाकी खराब हाय म्हून लिहा ना, नवी टाकी देतीन ते."

"मंग नव्या टाकीत मी पुन्हा बसवीन यायले," मागून हंसाबाई बोलली. ती उठून उभी राहिली होती. "माह्यावानी दुसऱ्या गावात कोनी बसवत असंन त्याले कोन सांगनार? लिवा, बाई. देवीचं लिवा, शेंदराचं लिवा. हंसाबाईनं केलं म्हून लिवा."

आठ दिवसांत तपासणीचा कागद आला. पुडीत बहुतेक शिसंच होतं, आणि टाकीच्या तळातल्या गाळात तर विचारायलाच नको. नळाला कुलूप लागलं, शाळेला टँकर सुरू झाला. हंसाबाईने कोणी बोलवायची वाट पाहिली नाही. ती स्वतः तांड्याच्या नायकाच्या ओट्यापुढे गेली आणि तांड्यासमोर सगळं सांगितलं, दगड बाहेर काढून ठेवले होते त्यासकट. काहीजण म्हणाले, तपासणीवालेच खोटारडे. एक म्हातारा म्हणाला, दोन दिवस बाहेर काढली म्हणून देवी कोपली. बंटीची आई पोराला उचलून घरी घेऊन गेली. हंसाबाईला बाकी सगळ्यांचं बोलणं सोसलं, तेवढं एक सोसलं नाही. टाकीची आणि स्वयंपाकखोलीची किल्ली तिने गुरुजींच्या टेबलावर ठेवली. राहा म्हणून ते दोनदा म्हणाले, पण ती राहिली नाही.

सात दगड तिने लिंबाखाली नेऊन ठेवले, धुतलेले, उघडे. त्यांच्यापुढे ती पुष्कळ वेळ बसली. देवीवर रागवावं तर देवीने कुठे शेंदूर मागितला होता? आणि स्वतःवर रागवावं तर त्या रागाला तळ लागत नव्हता. सगळ्यांत जास्त तिला घरी जायची भीती वाटत होती.

शीला चुलीपुढे होती. हंसाबाई उंबऱ्यावरच उभी राहिली.

"शीला, तुह्या घागरीचं काही नवतं. काजयाचंबी नवतं."

"आयकलं मी," शीला म्हणाली.

"मी तुले लय बोलली."

शीलाने भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, उलटली. "तुमी बोलल्या त्याचं काही नाई, याडी," ती चुलीकडे बघत म्हणाली. "पन मी खरं मानलं होतं. रोज पोरीच्या तोंडाकडं पाहो अन् वाटे, मीच मारून राह्यली इले. हे पाच महिने कोन देईन मले?"

मग तिने रोजच्यासारखं ताट वाढलं आणि सासूपुढे सरकवलं. शिव्या दिल्या असत्या तर हंसाबाईला बरं वाटलं असतं. तिने एक घास तोंडात घातला आणि तो तसाच फिरत राहिला.

वर्षाचं औषध पुन्हा सुरू झालं. यावेळी उतरलेलं शिसं वर चढलं नाही. पोट दुखायचं थांबलं, गालांवर थोडा रंग आला. डॉक्टर शीलाला म्हणाला की मागच्या वेळी चिडलो ते चुकलं माझं. पण पोरीच्या डोक्याचं विचारलं तेव्हा त्याने कागद चाळायला घेतले. शरीर भरून निघेल, म्हणाला. डोक्यातलं जे गेलं त्यातलं किती परत येईल ते सांगता येत नाही. पाच महिन्यांपूर्वी ते पाणी थांबलं असतं तर जास्त आशा होती.

शीलाने हे घरी येऊन सांगितलं, सासूकडे न बघता, आणि कपाशी वेचायला निघून गेली.

दुपारी अंगणात वर्षा वही घेऊन बसली होती. चार ओळींची कविता ती सकाळपासून म्हणत होती. तिसऱ्या ओळीशी अडायची, वहीत बघायची, पुन्हा पहिल्यापासून. चिडायची नाही, हेच हंसाबाईला बघवत नव्हतं. ती पोरीजवळ जाऊन बसली. तांड्यासमोर बोलताना जीभ अडली नव्हती, इथे अडली. तरी तिने सगळं सांगितलं. गडूत काय होतं, देवींना बाहेर का काढलं, आईला उगाच का बोलली. मोठ्या माणसाला सांगावं तसं, काही न लपवता.

"तुले मी बिमार केलं, छोरी," ती म्हणाली. "तुहं सारं डोकं मी खराब करून टाकलं. तुह्या दादीनं."

वर्षाने सगळं ऐकून घेतलं. मग फ्रॉकच्या टोकाने तिने आजीचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"रडू नोको, दादी," ती म्हणाली. "मले कुठं काही याद राह्यते? उद्या मी इसरून जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तीच आजीच्या गळ्यात हात टाकत. "दादी," तिने विचारलं, "तुहे डोये काहून सुजले?"

पोरगी खरंच विसरली होती की आजीसाठी विसरल्याचं सोंग करत होती, हे हंसाबाईला कळेना. आणि विचारून बघायची तिची छाती झाली नाही.